पॉइंट झिरो सेव्हन

सकाळी सव्वासहा

चहा उकळेपर्यंत फोन बघते. रात्रीतून पाच-सहा फोटो आलेले असतात, त्यातले निम्मे बाळांच्या गालांचे. लाल गाल, चट्टे उठलेले गाल, टॉर्च मारल्यामुळे उगाच लाल दिसणारे गाल. खाली मजकूर: 'मॅडम, काल पहिल्यांदा अंडं दिलं. ही अ‍ॅलर्जी का?' मी उलट चार गोष्टी विचारते. काय दिलं, किती वेळाने उठलं, उलटी झाली का, आणि आत्ता बाळ काय करतंय. चौथ्याचं उत्तर 'खेळतंय' असं आलं की चहा निवांत पिऊन होतो. 'गप पडलंय' असं आलं की चहा तसाच राहतो.

मोठं माणूस सांगू शकतं, घसा आवळतोय, छातीत धडधडतंय, काहीतरी भलतंच होतंय. सहा महिन्यांचं बाळ काय सांगणार? ते किरकिरतं, कान ओढतं, जीभ बाहेर काढतं, ओकतं, घोगरं रडतं. यातलं बरंचसं धडधाकट बाळंही दिवसभर करत असतात. म्हणून तान्ह्या बाळाला एखादं अन्न जिवावर उठलंय, हे घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो. खरं सांगायचं तर डॉक्टरांच्याही.

आज फोटोंत तसं काही नव्हतं. एका बाळाच्या तोंडाभोवती टोमॅटोचं सार लागून लाली आली होती, ती माझं उत्तर जाईपर्यंत मावळलीसुद्धा होती.

आठ

आमच्या सिस्टर दवाखान्यात आल्या की आधी देवाला हात जोडतात. मी आधी पांढरा ट्रे उघडते. अ‍ॅड्रिनॅलिनच्या सहा अँप्युल, एक मिलिलिटरच्या बारीक सिरिंजा, सुया, तान्ह्या बाळाचा ऑक्सिजन मास्क, सलाईन. अँप्युलवरची तारीख बघायची आणि त्या खिडकीपासून लांबच्या खणात आहेत ना हे बघायचं, कारण या औषधाला ऊन आणि उजेड चालत नाही आणि बार्शीचा मे महिना कसा असतो ते बार्शीकरांना सांगायला नको. एका अँप्युलची किंमत चहा-वड्यापेक्षा कमी असेल. जपानी रसायनतज्ज्ञ जोकिची ताकामिने यांनी हे औषध विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर शुद्ध रूपात वेगळं केलं, आणि या कामापुरतं तरी त्याच्या तोडीचं दुसरं औषध अजून आलेलं नाही.

ट्रेच्या वर भिंतीवर मी लाल स्केचपेनने तक्ता लिहिलाय. पाच किलो, 0.05. सात किलो, 0.07. दहा किलो, 0.1. किलोला पॉइंट झिरो वन मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या अंगाला, स्नायूत. गणित इतकं सोपं आहे की तक्ता कशाला, असं महिन्यापूर्वी रुजू झालेली आमची डॉक्टर म्हणाली होती. मी म्हटलं, हात थरथरायला लागले की पाचाचा पाढाही आठवत नाही.

साडेनऊ

ओपीडीत पहिलं बाळ पाच महिन्यांचं. दोन्ही गाल सोलवटलेले, कोपराच्या वळ्यांत पाणी सुटलेलं. एक्झिमा. आजी सांगत होत्या, रोज अंघोळीआधी डाळीचं पीठ आणि साय लावून मळते, मग शेंगदाण्याच्या तेलाने मालिश. 'आमच्या सगळ्या पोरांना हेच केलं, बाई.'

आजींचं चुकत नव्हतं. त्यांच्या पोरांची कातडी शाबूत होती. या बाळाची फुटलेली आहे, आणि फुटलेल्या कातडीतून साय, डाळ, शेंगदाणा आत गेले तर शरीर त्यांना घुसखोर समजायला लागतं. तेच पदार्थ तोंडावाटे, योग्य वेळी, थोडे थोडे गेले तर बहुधा सोयरीक जमते. लंडनचे प्राध्यापक गिडियन लॅक यांनी 2003 मध्ये शेंगदाणा तेल असलेली मलमं लावलेल्या बाळांमध्ये पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त दिसल्याचं मांडलं. मग त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की इस्राएलमधल्या ज्यू मुलांपेक्षा ब्रिटनमधल्या ज्यू मुलांत ही अ‍ॅलर्जी जवळपास दहापट आहे. इस्राएलमधली बाळं शेंगदाण्याचे कुरकुरे चघळत मोठी होतात, ब्रिटनमधली तेव्हा शेंगदाण्यापासून लांब ठेवली जात होती. त्यावरून त्यांनी 640 बाळांवर प्रयोग केला. ही सगळी चार ते अकरा महिन्यांची आणि जोखमीची, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली. निम्म्यांना शेंगदाणा द्यायचा, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत द्यायचा नाही. निकाल 2015 मध्ये आला. टाळणाऱ्यांत शंभरातल्या सतरा मुलांना अ‍ॅलर्जी झाली, खाणाऱ्यांत तिघांना.

त्याआधी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाच अशा बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका म्हणत होती. तो सल्ला 2008 मध्ये मागे घेतला गेला. माझ्या विद्यार्थिदशेतल्या वह्यांत तो अजून आहे, खाली दोनदा रेघ मारलेला.

आजींना मी एवढंच सांगितलं की उटणं बंद, तेल बंद, साधं मॉइश्चरायझर दिवसातून दोन-तीनदा. गाल भरून आले की पुढच्या भेटीत शेंगदाण्याच्या कुटाचं बोलू. कूट म्हणजे अगदी वस्त्रगाळ करून पेजेत कालवलेलं, अख्खा दाणा कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. आजी म्हणाल्या, 'शेंगाचटणी चालंल का?' सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न येणारच. तिखटासकट नको, म्हटलं.

साडेअकरा

एक आई रक्ताच्या तपासणीचा पाच पानी रिपोर्ट घेऊन आली. अकरा महिन्यांची मुलगी, चाळीस पदार्थांची यादी, चौदांपुढे लाल बाण. कुणीतरी सांगितलं म्हणून गहू, दूध, तूर, मूग, अंडं, केळं सगळं बंद. तीन महिन्यांत वजन शंभर ग्रॅमही वाढलेलं नाही. बाण रक्तातलं एक प्रतिद्रव्य दाखवतात, आजार नाही. बंद करण्याआधी गव्हाची चपाती रोज खाऊन तिला कधी काही झालं होतं का, हे कुणी विचारलंच नव्हतं. काही झालं नव्हतं. आधी हकिगत विचारायची, मग तिच्यातून जो संशय निघेल तेवढीच तपासणी करायची, हा क्रम उलटा झाला की मूल उपाशी राहतं. मी चपाती आणि वरण तिथल्या तिथे सुरू करायला सांगितलं. आईने रिपोर्टाची घडी घातली आणि विचारलं, 'मग हे पैसे?'

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बारा वाजून दहा मिनिटं

जीप आत आली ती थेट पायरीपर्यंत. आईच्या हातात बाळ, नवं झबलं, पायात वाळे, कपाळावर अंगारा. मागे आजी, मागे फेटा बांधलेला एक तरुण. बाळाने मान टाकली होती.

'उष्टावण होतं ओ,' आजी धावत सांगत होत्या. 'मामाच्या हातानं खीर चाटवली. अंगावर पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावलं. मग ओकलं, दोनदा. कुणाची दृष्ट लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. वाटंत गावच्या डॉक्टरानं सुई मारली. आता रडत बी न्हाई.'

झबलं वर केलं. पोटावर, पाठीवर, काखेत गांधी उठलेल्या, एकीत एक मिसळून नकाशासारख्या. ओठ सुजलेले, पाय गार, श्वासाबरोबर बारीक शिट्टी. नाडी 190 च्या घरात, ऑक्सिजन 89. काटा 7 किलो 200 ग्रॅम.

आमची डॉक्टर सिरिंज हातात घेऊन उभी. 'मॅडम, आधी एविल आणि डेक्सा देऊ? गावात एविलच दिलंय बहुतेक. अ‍ॅड्रिनॅलिन... एवढ्या लहान बाळाच्या हृदयाला...'

हा प्रश्न तिचा एकटीचा नाही. मीही कधीकाळी हाच विचारला होता. एविलने खाज थांबते, गांधी बसतात. डेक्साचा परिणाम दिसायला काही तास जातात. बंद होत आलेला श्वास आणि पडत चाललेला रक्तदाब या दोन्ही औषधांना सावरता येत नाही, ते काम फक्त अ‍ॅड्रिनॅलिनचं. हृदयाचा धोका औषधापेक्षा उशिराचा जास्त. पण 'अ‍ॅड्रिनॅलिन' या शब्दालाच आपल्याकडे एक धसका चिकटलाय. हृदय बंद पडल्यावर अतिदक्षता विभागात द्यायचं औषध, अशी त्याची ख्याती.

'पॉइंट झिरो सेव्हन,' मी म्हटलं. 'मांडीत.'

सिस्टरांनी अँप्युलची मान मोडली. काचेचा तो टक् आवाज. बारीक सिरिंजमध्ये औषध इतकं कमी दिसतं की भरलंय की नाही असं वाटावं, दवाच्या एका थेंबाएवढं. वेळ बारा बारा. बाळाला आडवंच ठेवलं. आईला कडेवर घ्यायचं होतं, पण अशा वेळी बाळ उभं धरलं तर उरलंसुरलं रक्तही पायांकडे उतरतं. मास्क लावला, सलाईन लावलं.

पाच मिनिटं फार मोठी असतात. बारा सतराला शिट्टी थोडी कमी, पण पाय अजून गार, डोळे अर्धे. दुसरी अँप्युल मोडली. या वेळी आमच्या डॉक्टरने न विचारता पॉइंट झिरो सेव्हन भरलं आणि दुसऱ्या मांडीत दिलं. सलाईन 140 मिलिलिटर, हातानेच सिरिंजने ढकलत.

बारा बावीसला बाळाने पाय आखडून घेतला. मग तोंड वाकडं केलं. मग असं काही रडलं की बाहेरच्या बाकड्यावरची माणसं उठून उभी राहिली. ते रडणं ऐकून आई मटकन खाली बसली. बालरोग विभागात आम्हाला रडकी बाळं आवडतात, हे बाहेरच्यांना विचित्र वाटतं.

पुढचा पाव तास बाळ पांढरं आणि थरथरतं दिसत होतं. हा औषधाचाच परिणाम, हे आईला आधी सांगून ठेवलं म्हणून बरं. पाऊण वाजता ऑक्सिजन 97.

दोन

डबा उघडला, पण हातात कागद. आता हकिगत. खिरीत काय होतं? तांदूळ, गाईचं दूध, साखर, वेलदोडा, काजू-बदामाची पूड. किती दिली? चांदीच्या वाटीतून बोटभर, तीनदा. किती वेळात पित्त उठलं? मामा म्हणाला, आरतीचं ताट खाली ठेवेपर्यंत. म्हणजे पाच-सात मिनिटं. आधी कधी वरचं दूध? 'न्हाई, निस्तं आईचं.' मग आई हळूच म्हणाली, सिझर झालं होतं, दूध यायला वेळ लागला, पहिले दोन दिवस तिथल्या सिस्टरनी पावडरचं दूध वाटी-चमच्याने दिलं होतं. त्यानंतर सहा महिने थेंबही नाही. आणि हो, मागच्या महिन्यात साय लावली तेव्हा गालावर चट्टे उठले होते. दूधच असावं, असा माझा कल. काजूही सुटलेला नाही. दोन्हींची तपासणी लागेल.

पहिले दोन दिवस थोडं पावडरचं दूध आणि मग एकदम बंद, हा प्रकार मला खटकतो. 2019 मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात, जन्मल्यावर पहिले तीन दिवस गाईच्या दुधाची पावडर टाळलेल्या बाळांमध्ये पुढे दुधाची अ‍ॅलर्जी कमी दिसली. आपल्याकडे सिझरनंतर तो चमचा किती सहज दिला जातो.

आज बाळाला झालं ते अ‍ॅनाफिलॅक्सिस. या शब्दाला मराठीत रूढ पर्याय नाही. आपण 'रिअ‍ॅक्शन आली' म्हणतो, आणि डोकेदुखीच्या गोळीने मळमळलं तरी तेच म्हणतो. हा शब्द 1902 मध्ये चार्ल्स रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी केला. मोनॅकोच्या राजाच्या जहाजावर त्यांनी समुद्री जीवांच्या विषावर काम सुरू केलं होतं. त्या विषाची लस देता येईल, असं त्यांना वाटत होतं. एका कुत्र्याला आधी थोडं विष दिलं, तो ठीक. तीन आठवड्यांनी पुन्हा थोडं दिलं, आणि तो अर्ध्या तासाच्या आत मेला. पहिल्या भेटीत ओळख होते, दुसऱ्या भेटीत घात. रिशेंना यासाठी 1913 मध्ये नोबेल मिळालं. त्या कुत्र्याचं आणि आजच्या वाटीचं गणित एकच आहे, एवढं लक्षात येऊन भाजी गार झाली.

चार

'आता हसतंय की, घरी न्यू?' आजी. घरी मांडव, पन्नास माणसांची पंगत, पुरणपोळ्या तशाच. दिलं असतं घरी, पण हा हल्ला काही तासांनी, बाळाने पुन्हा काहीही न खाता, उलटून येऊ शकतो. एका मात्रेत बरं झालेलंही चार-सहा तास तरी ठेवावं लागतं. याला दोन लागल्या. 'आजची रात्र इथंच,' म्हटलं.

मग आजोबांचा तोडगा आला. 'आमच्याकडं उस्मानाबादी शेळी हाय. शेळीचं चालंल?' गाईच्या दुधाची खरी अ‍ॅलर्जी असेल तर शेळीचं बहुतेकांना चालत नाही, म्हशीचंही नाही. प्रथिनं जवळजवळ तीच. उकळूनही पुरतं मरत नाहीत. तूपसुद्धा सध्या नको, त्यात दुधाचा अंश राहतो. इथे आजींच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळ ओकलं तेव्हा आलं नव्हतं. 'तुपाबिगर वरण-भात कसला ओ बाई?'

आईचं दूध चालू. आई आजवर दूध-दही खातच होती आणि तेवढ्याने बाळाला काही झालं नाही, म्हणून तिचं खाणं तोडायचं कारण नाही. बिस्किटाच्या पुड्यावर वाचायला शिकवलं. 2020 च्या नियमांप्रमाणे दूध, अंडं, शेंगदाणा, काजूसारखे दाणे, सोयाबीन, गहू, मासे यांचा उल्लेख पुड्यावर करावाच लागतो. पेढ्यावर आणि शेजारणीच्या वाटीवर कुठलाच नियम चालत नाही, हेही सांगितलं.

मामा यातलं काही ऐकत नव्हता. फेटा काढून मांडीवर ठेवून जिन्याच्या पायरीवर बसला होता. 'माझ्याच हातानं,' एवढंच. मी त्याला विचारलं, बाळाने मान टाकल्यावर जीप कुणी चालवली? 'मीच.' किती वेळात आलात? 'बारा किलोमीटर. पंधरा मिनिटं.' रस्ता मला माहीत आहे. त्या रस्त्याला पंचवीस लागतात.

सहा

संध्याकाळच्या ओपीडीत एक तीन वर्षांचा गडी आईचा हात सोडवून आत आला. लसीसाठी. याच्याशी माझं एक जुनं देणं आहे. सात महिन्यांचा असताना तो तीनदा दाखल झाला. दर वेळी दहा-दहा उलट्या, राखेसारखा रंग, अंग सैल. गांधी नाहीत, शिट्टी नाही. पहिल्या दोन वेळा मी रक्तात जंतू पसरलेत असं समजून प्रतिजैविकं दिली. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, 'मॅडम, भाताची पेज दिली की दोन तासांनी असं होतं.' तांदूळ! आपण सगळ्यांत निरुपद्रवी म्हणून जे देतो, ते. ही अ‍ॅलर्जी आतड्यांची, वेगळ्या जातीची. एक ते चार तासांनी येते, नेहमीच्या रक्ततपासणीत सापडत नाही. तिथे अ‍ॅड्रिनॅलिन मुख्य नाही, सलाईन आणि उलटीचं औषध लागतं. आईने ओळखलं, मी नाही. घरात ज्वारी होती म्हणून निभावलं.

गेल्या दिवाळीत आम्ही त्याला इथेच ठेवून भात देऊन बघितला. पचला. आज तो सांगत होता की त्याला पिवळा भात आवडतो.

साडेआठ

वॉर्डात बाळ झोपलंय, पोटावरच्या गांधी मावळल्यात. ट्रेमध्ये दोन नव्या अँप्युल ठेवून वहीत सही केली.

आता घरचं शिक्षण. परदेशात पेनसारखं यंत्र मिळतं, टोपण काढून मांडीवर दाबायचं. आपल्याकडे औषधाच्या दुकानात ते सहज मिळत नाही. मिळालं तरी बहुतेक मात्रा मोठ्या मुलांच्या. म्हणून अँप्युल आणि सिरिंज. पण कॅनडात 2001 मध्ये पालकांना हेच करायला लावलं, तर औषध भरायलाच सरासरी दोन मिनिटांहून जास्त वेळ लागला आणि भरलेली मात्रा कुणाची किती, कुणाची किती. म्हणून मी सिरिंज इथूनच भरून देते, काळ्या डबीत, वर तारीख लिहून. दर तीन महिन्यांनी आणायची. तेव्हा वजनही होतं, मात्राही वाढवता येते. तरी भरता यायलाच हवं, डबी हरवते.

सरावाला मोसंबी. सिरिंजमध्ये पाणी. आईने तिसऱ्या वेळी जमवलं. आजी म्हणाल्या, माझा हात कापतो, मी फोन लावीन.

'मला द्या,' मामा म्हणाला. दुपारपासूनचं त्याचं हे पहिलं पूर्ण वाक्य.

पहिल्यांदा पॉइंट सेव्हन भरलं, दहापट. मी काही बोलले नाही, भिंतीकडे बोट दाखवलं. पुन्हा. हवेचा बुडबुडा राहिला. पुन्हा. पाचव्या वेळी रेघ जागेवर आली, सुई मोसंबीत गेली, पाणी आत गेलं. सहाव्या वेळी हात पुन्हा हलला.

'उष्टावण झालं का न्हाई झालं मग?' आजींनी मधेच विचारलं. 'का परत करायचं?'

'परत करा,' मी म्हटलं. 'तपासण्या झाल्या की. नाचणीच्या पेजेने, पाण्यात शिजवलेल्या.'

'कुणाच्या हातानं?'

मामाने वर बघितलं नाही. त्याची मोसंबी आता गळायला लागली होती. सिस्टरांनी त्याच्यापुढे दुसरी ठेवली.